खदानीचा तळ आणि विहिरीचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे साऱ्या विदर्भास परिचित आहे. दर वर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवास येथे लाखोंचा समुदाय लोटतो. ज्या भूमीवर हा मेळा भरतो, तिचे गुणधर्म मात्र या गावच्या नावातच सांगितलेले आहेत. हिवर हे मुरमाड रानात, कमी पाण्यावर तग धरणारे काटेरी झाड होय. हिवरा या नावाची गावे विदर्भात पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या शिवारात थोडे खणताच मुरूम लागतो.

हा मुरूम आजवर शेतकऱ्यास निरुपयोगी वाटत आला. ज्या रानात माती वीतभर आणि खाली मुरूम, त्या रानाची किंमत कमी. परंतु रस्ते, पूल व इमारती यांच्या कामास हाच मुरूम लागतो. मुंबई ते नागपूर हा 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये, तर संपूर्ण मार्ग जून 2025 मध्ये वाहतुकीस खुला झाला. असे मोठे रस्ते व त्यांना मिळणारे जोडरस्ते यांच्या भरावासाठी लागणारा माल दूरवरून आणणे परवडत नाही. तो जवळच्या शिवारातूनच घ्यावा लागतो. यास्तव मुरुमाची खदान काढण्याचा प्रस्ताव आज ना उद्या येथील कोणत्याही गावापुढे येऊ शकतो. अशा वेळी गावाने काय पाहावे, काय मोजावे व काय लिहून घ्यावे याचा विचार आधीच झालेला बरा. खदान सुरू झाल्यावर होणारा विचार बहुधा तक्रारीच्या रूपानेच होतो.

मुरूम म्हणजे काय?

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग काळ्या पाषाणाच्या थरांनी व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरून हे थर बनले. विहीर खणणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिरास हे थर तोंडपाठ असतात. वर काळी किंवा बरड माती, तिच्याखाली पिवळसर तांबूस मुरूम, मग सच्छिद्र असा मांजऱ्या खडक व त्याखाली अभेद्य कातळ. ऊन, पाऊस व हवा यांच्यायोगे झिजून भुसभुशीत झालेला पाषाण म्हणजेच मुरूम. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते राहते मुरुमाच्या पोकळ्यांत, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि खडकाच्या फटींत. विहिरीला जे आडवे झरे लागतात ते याच थरांतून येतात.

म्हणून मेहकर भागात मुरूम हे गावाच्या पाण्याचे भांडे आहे. हे भांडे फार मोठे नाही, ही गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे. झिजलेल्या पाषाणाच्या थरातून उपसा करता येईल असे पाणी त्या थराच्या आकारमानाच्या अवघे 1 ते 3 टक्के असते. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात हेच प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाते. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या वरच्या खोऱ्यात गोट्यांच्या खाणी संपल्यावर त्यांत पाणी भरून शेकडो एकरांची तळी झाली आहेत व लोक तेथे नौकाविहारास जातात. अशी छायाचित्रे दाखवून ‘खदानीचे तळे होईल, गावास पाणीच पाणी’ असे कोणी सांगू लागल्यास त्या देशाचा थर निराळा, तेथील पाऊस बारमाही आणि तेथील ऊन सौम्य, एवढे तीन भेद त्याच्या नजरेस आणून द्यावेत.

आपल्याकडील उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दिवसास 8 मिलिमीटर वाफ होणे ही मुळीच असामान्य गोष्ट नव्हे. 1 हेक्टर पसरलेल्या पाण्यावरून या हिशेबाने रोज 80,000 लिटर पाणी उडून जाते. 1,000 वस्तीच्या गावास दरडोई 55 लिटर या मानाने रोज 55,000 लिटर पाणी लागते. म्हणजे भूजलाची पातळी फोडून खणलेली 1 हेक्टरची खदान उन्हाळ्यात अशा गावापेक्षाही अधिक पाणी पिते. आणि ते पाणी आजूबाजूच्या विहिरींकडूनच झिरपून आलेले असते.

पाणी कोणत्या महिन्यात मोजले?

खदानीच्या प्रस्तावात ‘भूजलाच्या पातळीच्या वरच खोदकाम केले जाईल’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असतेच. वाक्य योग्य आहे. पण भूजलाची पातळी ही काही कातळात कोरलेली रेघ नव्हे. ती पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात उतरते. तेव्हा ग्रामसभेत सर्वांत प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, ही पातळी कोणत्या महिन्यात मोजली?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, प्रस्तावित खदानीच्या जागी जमिनीची पातळी 100 मीटर धरली. उताराच्या बाजूस सर्वांत जवळची विहीर आहे. तिच्या कठड्याची पातळी 98 मीटर. ऑक्टोबरमध्ये कठड्यापासून 4 मीटरवर पाणी लागते, म्हणजे पाण्याची पातळी 94 मीटर. त्याच विहिरीत मे महिन्यात पाणी 11 मीटर खोल जाते, म्हणजे पातळी 87 मीटर. पाण्याच्या वर 2 मीटर मुरूम शिल्लक ठेवावयाचा असे ठरले, तर ऑक्टोबरच्या मोजणीप्रमाणे खदानीचा तळ 96 मीटरच्या खाली जाता कामा नये. खोदकाम 4 मीटर. मेच्या मोजणीप्रमाणे मात्र तळ 89 मीटरपर्यंत नेता येतो. खोदकाम 11 मीटर! दोन्ही कागदांवर ‘पाण्याच्या वर 2 मीटर’ हेच शब्द असतील, दोन्ही मोजण्या खऱ्या असतील, आणि तरीही 1 हेक्टरच्या जागेत दोहोंमध्ये 70,000 घनमीटरचा, म्हणजे सुमारे 24,700 ब्रासचा फरक पडेल.

आता या मधल्या 7 मीटरच्या थरात काय असते ते पाहावे. ऑक्टोबर ते मे या काळात विहिरींना जे पाणी मिळते ते याच थरातून उतरत आलेले असते. हाच गावाचा वर्षाचा साठा. थरात 2 टक्के पाणी धरले तर 1 हेक्टर क्षेत्राखाली 1,400 घनमीटर, म्हणजे 14 लाख लिटर. 1,000 वस्तीच्या गावास हे 25 दिवसांचे पिण्याचे पाणी झाले. अथवा 1 हेक्टरभर हरभऱ्यास 6 सेंटिमीटरच्या दोन पाळ्या देऊन वर थोडे उरेल एवढे. आकडा डोळे दिपविणारा नाही हे खरे. परंतु हे भांडे दर पावसाळ्यात पुन्हा भरत असते आणि पाषाणाच्या मुलखात मे महिन्यातील 25 दिवसांची किंमत ज्याने टँकरची वाट पाहिली आहे त्यास सांगावी लागत नाही. मुरूम एकदा गाडीत भरून गेला की हे भांडे पुन्हा घडविण्याचा उपाय माणसापाशी नाही.

दुसरेही एक नुकसान आहे. खदानीचा तळ विहिरीतील पाण्याच्या पातळीखाली गेला की पाण्याचा उतार फिरतो. जे पाणी विहिरीकडे जात होते ते खदानीकडे वळते. काम चालू ठेवण्यासाठी खदानीतले पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडले जाते आणि शेजारच्या विहिरी दिवाळीनंतरच खडखडीत होऊ लागतात. विहिरीच्या धन्यास कारण उमगत नाही. तो विहीर आणखी खोल करतो किंवा बोअर पाडतो, आणि खर्च त्याच्या माथी बसतो.

हे टाळण्यासाठी मोजणी आधी सुरू झाली पाहिजे. 1972 साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत, मोजत असते. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागील अनेक वर्षांच्या नोंदी जिल्ह्याच्या कार्यालयाकडे मागाव्यात व त्यांतील सर्वांत वरची पातळी आधारभूत धरावी. एका वर्षाच्या ऑक्टोबरवर विसंबू नये, कारण ते वर्ष दुष्काळी असेल तर ऑक्टोबरही फसवील. याखेरीज खदानीच्या जागेभोवतालच्या विहिरी गावानेच मोजाव्यात. त्यास दोरी, वजन व फीत एवढेच साहित्य पुरे. सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी मोजावे. सर्व विहिरींच्या कठड्यांच्या पातळ्या डंपी लेव्हल लावून एकाच खुणेशी जोडून घ्याव्यात; नाहीतर ‘माझ्या विहिरीत चार मीटरवर, तुझ्या विहिरीत सहा मीटरवर’ अशा तुलनेस काहीच अर्थ राहत नाही. माळाखालील पाणी सखल भागातील विहिरीपेक्षा वरच्या पातळीवर असू शकते. म्हणून खदानीच्या प्रत्यक्ष जागीही एखादे चाचणी बोअर घेणे जरूर आहे.

नाला खोल करण्याविषयी

बुलढाणा जिल्ह्याने या बाबतीत एक निराळी वाटही दाखविली आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावास लागणारी माती व मुरूम नवीन खदानी न काढता तलाव, नाले व नद्या यांची पात्रे रुंद व खोल करून घ्यावयाचा आणि मोबदल्यात गावास पाण्याचा साठा मिळवावयाचा, ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली गेली. 2018 साली जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याची मोठी मोहीमही झाली. रस्त्यास माल व शिवारास पाणी अशी दुहेरी सोय साधणारी ही कल्पना निःसंशय चांगली आहे, आणि खदानीचा प्रस्ताव येताच ‘हाच माल आमच्या तलावातून घेता येईल काय?’ असे विचारण्याचा गावास हक्क आहे.

तथापि, वर सांगितलेला महिन्याचा प्रश्न येथेही सुटत नाही. नाल्याचा तळ काठच्या विहिरींतील हिवाळी पाण्याच्या खाली नेला आणि आडवे बांध घातले नाहीत, तर तो नाला पाणी मुरविणारा न राहता पाणी काढून नेणारा चर बनतो. पावसाळ्यात भरलेला दिसतो, पण मार्गशीर्षात काठच्या विहिरींचे पाणी त्यातून वाहून जाते. गाळ काढावा, मुरुमाचा वरचा भाग काढावा, ठरावीक अंतरावर मूळचा तळ न खणता बांधासारखा राखावा, मांजऱ्या व कातळ फोडू नये. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यात गाळाची खोल जमीन व खारे पाणी असल्यामुळे तेथील नियम आणखी वेगळे आहेत. शेगाव-संग्रामपूरकडील अनुभव मेहकरास व मेहकरचा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल.

पहिले 880 ब्रास

खदानीचे काम संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याविषयी जे बोलले जाते, त्यातील बराचसा भाग कामाच्या पहिल्या आठवड्यातच साधतो किंवा कायमचा हुकतो. 1 हेक्टर रानावर 25 सेंटिमीटर माती असेल तर ती 2,500 घनमीटर, म्हणजे सुमारे 880 ब्रास भरते. खदानीतून निघणाऱ्या हजारो ब्रासांपैकी हे पहिले 880 ब्रास कोणत्याही किमतीस शिवाराबाहेर जाऊ देऊ नयेत. भरावास ही माती चालतही नाही. ती टिप्परमध्ये भरून कोठेतरी टाकून दिली जाते, एवढेच.

माती कोरडी असताना खरडावी. ढीग माणसाच्या उंचीहून फार उंच करू नये. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही व मातीतील जीवजंतू मरतात. पावसाळा मध्ये येत असेल तर ढिगावर बोरू किंवा धैंचा पेरावा. परंतु माती साठविण्यापेक्षा ती लगेच पसरणे हेच उत्तम. त्यासाठी जागेचे तीन पट्टे करावेत. पहिल्या पट्ट्याची माती बाजूस ठेवून मुरूम काढावा, दुसरा पट्टा उघडताना त्याची माती सरळ पहिल्याच्या तळावर टाकावी, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि शेवटी पहिला ढीग तिसऱ्यावर. या रीतीने कोणत्याही वेळी एकाच पट्ट्याची जखम उघडी राहते, आणि मक्तेदार काम अर्धे टाकून गेला तरी गावाचे दोन तृतीयांश नुकसान टळते.

पोकलेन व टिप्पर यांच्या वजनाने खदानीचा तळ सडकेसारखा घट्ट होतो. त्यावर माती पसरली तर पहिल्याच पावसात ती चिखल होऊन उताराने निघून जाते, कारण पाणी खाली जाण्यास वाटच नसते. म्हणून माती टाकण्यापूर्वी तळ रिपरने आडवा-उभा, सुमारे 40 सेंटिमीटर खोल फोडावा, उतारास आडव्या अशा सरी-बांधांची आखणी करावी आणि मग माती घालावी. पहिल्या वर्षी बोरू किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर जमिनीत गाडावा. दुसऱ्या वर्षी तूर घेण्यास हरकत नाही. तिचे मूळ खोल जाते. सोयाबीनची घाई करू नये. पूर्वीइतके उत्पन्न दोन-तीन वर्षांत येईल असे आश्वासन कोणी दिल्यास ते मनावर घेऊ नये. माती कमी पडत असेल तर तलावातील गाळ आणावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 पासून राज्यात राबविण्यात आली आहे. हिवरा आश्रमालगतच्या कोराडी जलाशयासारख्या साठ्यांत जो गाळ बसतो, तो मुळात वरच्या शिवारांचीच वाहून आलेली माती असते.

ज्या भागात शेती होण्यासारखी नाही तेथे मारवेल व पवना हे गवत, आणि सीताफळ, करंज, कडुनिंब, बाभूळ ही झाडे लावावीत. हिवर तर येथलाच रहिवासी. त्यास कोणी लावण्याची वाट न पाहताही तो येईल, फक्त शेळ्यांपासून राखावा.

बाजूंच्या उताराविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण येथे प्रश्न जिवाचा असतो. उभ्या कडांची सोडून दिलेली खदान पावसाळ्यात भरते. तिच्यात पोहावयास गेलेली मुले व पाण्यासाठी उतरलेली जनावरे यांना वर येण्यास आधार मिळत नाही. कड 1 मीटर उंचीस 3 मीटर लांबी या उताराने उतरविली पाहिजे. 100 मीटर लांब व 100 मीटर रुंद जागेत 4 मीटर खोल जावयाचे, तर चारही बाजूंस 12 मीटर उतारात जातात आणि तळ 76 मीटर लांबी-रुंदीचा उरतो. उभ्या कडांनी खणल्यास 14,100 ब्रास निघतात. उतार राखल्यास सुमारे 11,000. मक्तेदाराचा सौदा पहिल्या आकड्यावर बेतलेला असेल तर उतार कधीच होणार नाहीत. म्हणून सौद्यातच दुसरा आकडा लिहावा.

खदानीच्या वरच्या अंगास चर काढून बाहेरचे पाणी वळवावे आणि खदानीतून बाहेर पडणारे गढूळ पाणी एका खड्ड्यात निवळल्याशिवाय नाल्यात जाऊ देऊ नये. बारीक गाळाचा लेप खालच्या पाझर तलावाच्या तळावर बसला की तलाव भरतो, पण पाझरत नाही. 1972 च्या दुष्काळात लोकांनी घाम गाळून बांधलेले पाझर तलाव अशा लेपाने बुजावेत हे दुर्दैव ठरेल. डिझेल व इंजिनाचे जुने तेल खदानीत सांडू देऊ नये, आणि काम संपल्यावर तेथे गावाचा कचरा तर मुळीच टाकू नये. माती व मुरुमाची गाळणी निघून गेल्यामुळे ती घाण थेट झऱ्यास मिळते.

कागदपत्रांची बाजू

मुरूम हे गौण खनिज आहे. 1957 च्या केंद्रीय कायद्याने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यास दिला असून महाराष्ट्राचे नियम 2013 सालचे आहेत. लहान क्षेत्राच्या खाणींनाही पर्यावरणाची पूर्वमंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितले. रस्त्यांसारख्या कामांसाठी साधी माती काढण्यास 2020 साली केंद्राने या मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. ती 21 मार्च 2024 रोजी न्यायालयाने रद्द ठरविली. हे नियम वारंवार बदलत असल्यामुळे प्रस्ताव येईल त्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून लेखी घ्यावा. ‘रस्त्याचे काम आहे, परवानगी लागत नाही’ या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर जवळ असल्यास ते प्रथमच नोंदवून द्यावे. खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी जमा होतो, आणि बाधित गावांतील पिण्याचे पाणी हा त्या निधीच्या अग्रक्रमाच्या कामांपैकी एक आहे. त्याची मागणी ग्रामपंचायतीने करावयाची असते.

खासगी रान देणाऱ्या शेतकऱ्याने करारात चार गोष्टी अंकांत लिहून घ्याव्यात: तळाची पातळी, कडेचा उतार, परत पसरावयाच्या मातीची जाडी, आणि काम पुरे करून जमीन ताब्यात देण्याची तारीख. रकमेचा शेवटचा हप्ता माती पसरून झाल्यावर घेण्याऐवजी मक्तेदाराकडून तेवढी अनामत आधीच घेणे अधिक सुरक्षित. अडलेल्या शेतकऱ्यास हे जमणे कठीण असते. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व कृषी खात्याचे कर्मचारी यांनी कराराचा मसुदा करताना त्याच्याजवळ बसावे.

काम सुरू होण्याच्या दिवशी खदानीच्या हद्दीबाहेर, हलणार नाही अशा जागी एक दगडी खूण पुरावी व तिच्यावर तिची पातळी आणि खदानीच्या तळाची ठरलेली पातळी रंगाने लिहावी. दर पंधरवड्यास त्या खुणेवरून तळ मोजावा, त्याच दिवशी भोवतालच्या विहिरी मोजाव्यात, आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत एकाच ओळीत लिहून त्यावर मोजणाऱ्याची, विहिरीच्या धन्याची व मक्तेदाराच्या माणसाची सही घ्यावी. एखाद्या विहिरीचे पाणी मागील वर्षांच्या त्याच महिन्यापेक्षा लक्षात येण्याइतके खाली गेलेले दिसल्यास त्या पट्ट्यातील काम थांबवून भूजल यंत्रणेच्या अधिकाऱ्यास जागा दाखवावी.